हिल्डेगार्डची अर्धशिशी आणि तीन टिंबं

एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. सोबत दोन-तीन झळाळती मध्ययुगीन चित्रं असतात आणि खाली साधारण असं लिहिलेलं असतं: बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची एक नन होती. तिला देवाचे दृष्टान्त होत, आणि जे दिसे ते ती चित्रात काढून ठेवी. आठशे वर्षांनी डॉक्टरांनी ती चित्रं पाहिली आणि लगेच ओळखलं, ही तर अर्धशिशी! पडणारे तारे, किल्ल्याच्या तटासारख्या कंगोरेदार रेघा, डोक्यात शिरणाऱ्या ज्वाळा, अंगभर डोळे, सगळी लक्षणं जुळतात. बिचाऱ्या अडाणी बाईला आपल्याला काय झालंय ते कळलं नाही, तिनं त्याला देव म्हटलं. विज्ञानानं 1917 सालीच हे सिद्ध केलंय. पुढे पाठवा.

गोष्ट अशी आटोपशीर असली की लोक पुढे पाठवतातच. श्रद्धाळूंना चिमटा काढता येतो, आपण शहाणे ठरतो आणि चित्रंही देखणी असतात. तिला खरोखर देव दिसला का, या वादात मला पडायचं नाही. माझा स्वतःचा कल 'नाही' म्हणण्याकडेच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा मजकूर जाणतेपणी घडवलेल्या कलाकृतीकडे एक्स-रे बघावा तसा बघतो. त्या नादात त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकलं आहे.

आधी बाई कोण ते सांगतो. जन्म 1098, ऱ्हाईन नदीच्या मुलखातलं खानदानी घर. 1112 साली डिझिबोडेनबर्गच्या मठात युट्टा नावाच्या तपस्विनीसोबत तिला बंदिस्त कोठडीत ठेवण्यात आलं. 1136 मध्ये युट्टा गेली आणि तिथल्या स्त्रियांनी हिल्डेगार्डला प्रमुख म्हणून निवडलं. 1141 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आकाशातून एक धगधगता प्रकाश आपल्या डोक्यात उतरला, बायबलचा अर्थ एकाएकी उमगला आणि 'लिही' अशी आज्ञा झाली, असं ती सांगते. आधी तिनं नकार दिला, मग आजारी पडली, मग लिहायला बसली. त्यातून दहाएक वर्षांनी 'स्किविआस' हा 26 दृष्टान्तांचा लॅटिन ग्रंथ पुरा झाला. तो अर्धवट असतानाच, 1147-48 मध्ये, ट्रिअरच्या धर्मसभेत पोप तिसऱ्या युजीननं त्यातला भाग मोठ्यानं वाचून दाखवला होता. 1150 च्या सुमारास आपल्या नन घेऊन ती बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्गला गेली आणि तिथं तिनं स्वतःचा मठ उभा केला. 17 सप्टेंबर 1179 ला ती वारली. मधल्या काळात आणखी दोन मोठे दृष्टान्तग्रंथ, औषधी वनस्पतींवरचं लेखन, सत्तरच्या वर गीतं, एक संगीत नाटक, शेकडो पत्रं. बादशहा बार्बारोसालाही खडसावणारी पत्रं त्यात आहेत. 'बिचारी' हा शब्द हिला लावताना जरा जपून.

"तिनं ती चित्रं काढली."

सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे आणि या वाक्याला पाया नाही. हिल्डेगार्डनं कधी हातात कुंचला धरला, असं सांगणारा कसलाही पुरावा नाही. 'स्किविआस'च्या सचित्र प्रतीत सुरुवातीलाच तिचं चित्र आहे. त्यात ती बसली आहे, मांडीवर मेणाची पाटी, हातात टोचणी. ती लिहिते आहे. शेजारच्या दालनातून तिचा लेखनिक फोलमार हा साधू डोकं आत घालून बघतो आहे. प्रत बनवणाऱ्यांना तिची ओळख चित्रकार म्हणून करून द्यायची नव्हतीच.

त्या प्रतीत 35 चित्रं होती. ती तिच्या हयातीच्या शेवटच्या वर्षांत किंवा मृत्यूनंतर लगेच तयार झाली, म्हणजे मजकूर पुरा झाल्यावर दीड-दोन दशकं तरी उलटून गेल्यावर. चित्रांचा आराखडा तिनंच सांगितला असावा असं काही कला-इतिहासकार मानतात. काही म्हणतात की चित्रकारांनी मजकूर वाचून आपापल्या परीनं काम केलं. वाद चालू आहे. पण पहिला पक्ष धरला तरी सोनं-चांदी चढवणारे, रंग घोटणारे हात दुसऱ्यांचे होते आणि त्या हातांना त्या काळच्या पोथीचित्रांची घडण ठाऊक होती. अमुक ठिकाणी सोनेरी पार्श्वभूमी, चौकटीच्या बाहेर डोकावणारी आकृती, पाण्यासाठी लाटांच्या ठरावीक रेघा, हे सगळं कारखान्यातलं शिकलेलं काम आहे.

सगळ्यात जास्त फिरणारं चित्र तर याहून मजेशीर. वर्तुळांच्या मधोमध हात पसरून उभा असलेला माणूस, भोवती वारे फुंकणारी प्राण्यांची तोंडं. हे 'स्किविआस'मधलं नाहीच. ते तिच्या शेवटच्या दृष्टान्तग्रंथाच्या इटलीतल्या लुक्का शहरात असलेल्या प्रतीतलं आहे, आणि ती प्रत तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, म्हणजे हिल्डेगार्ड जाऊन चाळीसेक वर्षं झाल्यानंतरची. मेलेल्या बाईची अर्धशिशी दुसऱ्याच कुणाच्या तरी कुंचल्यातून बाहेर पडली, असं मानायचं असेल तर मग दृष्टान्तांवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

अजून एक गंमत. रुपर्ट्सबर्गची ती मूळ सचित्र प्रत आज कुणालाच बघता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात वीसबाडेनच्या ग्रंथालयानं ती सुरक्षित राहावी म्हणून ड्रेसडेनच्या एका बँकेच्या तिजोरीत हलवली. 1945 नंतर ती गायब झाली, ती आजतागायत. तिच्याबरोबर पाठवलेली दुसरी एक पोथी, पंधरा किलो वजनाची, हिल्डेगार्डच्या बहुतेक सगळ्या लेखनाचा संग्रह असलेली, मात्र वाचली. 1948 साली दोन बायकांनी सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हातावर तुरी देऊन ती परत आणली, आणि आज ती वीसबाडेनला आहे. चित्रांच्या बाबतीत नशीब एवढंच की आयबिंगेनच्या मठातल्या नननी 1927 ते 1933 या काळात चर्मपत्रावर हातानं तिची हुबेहूब रंगीत नक्कल करून ठेवली होती. आपण फोनवर जी चित्रं पाहतो ती या विसाव्या शतकातल्या नकलेची छायाचित्रं. म्हणजे आधी अनुभव, मग आठवण, मग फोलमारच्या मदतीनं लॅटिन वाक्यं, मग काही वर्षांनी चित्रकार, मग साडेसातशे वर्षांनी नक्कल करणाऱ्या नन, मग कॅमेरा. इतक्या हातांतून गेलेल्या रेघेवरून कुणाच्या मेंदूतली घडामोड वाचायची, तर डॉक्टर फारच मोठा हवा.

लेखनिक ठेवणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचं नाव आदरानं येतं. म्हणून कुणी ओवीची घडण ही ज्ञानदेवांच्या प्रकृतीची नोंद आहे, असं म्हणत नाही.

"पडणारे तारे म्हणजे अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणारे ठिपके."

मजकुराचं हे सर्वांत बळकट ठाणं, म्हणून इथं थांबायला हवं.

अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोकं दुखायच्या आधी दृष्टीत गडबड जाणवते. डॉक्टर तिला 'ऑरा' म्हणतात. चमकणारे ठिपके, लखलखती कंगोरेदार कमान, मग नजरेत एक आंधळा डाग. न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी 1970 साली अर्धशिशीवरच्या आपल्या पुस्तकात हिल्डेगार्डचा एक उतारा दिला. तो असा: मला एक मोठा, अतिशय सुंदर तारा दिसला, त्याच्याबरोबर पडणाऱ्या ताऱ्यांचा थवा, ते दक्षिणेकडे चालले होते… आणि अचानक सगळे विझून काळे कोळसे झाले… आणि खाईत फेकले गेले. सॅक्स यांचं निदान: ठिपक्यांचा वर्षाव, पाठोपाठ आंधळा डाग. वाचताना पटतं. तेच तर.

आता ती टिंबं बघा. टिंबांच्या जागी आणि त्यांच्या आसपास मूळ ग्रंथात काय आहे? तो तारा रिकाम्या आकाशातून येत नाही, सिंहासनावर बसलेल्या एकातून बाहेर पडतो. ठिणग्या त्याच्यामागे दक्षिणेला जातात. जाता जाता त्या सिंहासनावरच्याकडे परक्यासारख्या बघतात, त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि उत्तरेकडे टक लावतात. आणि नजर फिरवली त्याच क्षणी त्या विझतात. मग त्या कोळशांतून वावटळ उठते, ती त्यांना दक्षिणेकडून उचलून सिंहासनाच्या मागून उत्तरेला नेते आणि तिथं खाईत लोटते.

ही लुसिफर, म्हणजे पुढे सैतान झालेला देवदूत, आणि त्याच्या साथीदार देवदूतांच्या पतनाची कथा आहे, आणि हिल्डेगार्ड ती तशीच उलगडून सांगते. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात अजगर शेपटीनं आकाशातले एक तृतीयांश तारे खाली ओढतो. यशयाच्या पुस्तकात पहाटेचा तेजस्वी तारा आकाशातून पडतो, आणि त्याची घमेंड काय असते? उत्तरेकडच्या पर्वतावर जाऊन बसायची. मध्ययुगीन ख्रिस्ती माणसासाठी उत्तर ही सैतानाची दिशा होती. यशया आणि स्तोत्रं मठात आयुष्यभर कानांवर पडत. ठिणग्या उत्तरेकडे बघतात म्हणजे त्यांनी बाजू बदलली, एवढं तिच्या ननना समजावून सांगावं लागत नव्हतं.

यातली कल्पकता कुठे आहे ते पाहा. पतन आधी आणि काळोख मग, असं ती दाखवत नाही. पाठ फिरवणं आणि विझणं हे एकाच क्षणी होतं, कुणी शिक्षा देत नाही. ज्याच्यामुळे उजेड होता त्याच्याकडे बघणं सोडलं, उजेड गेला. हा धर्मशास्त्रातला एक बारकावा आहे आणि तिनं तो दृश्यातून मांडला आहे. पाठ फिरवणाऱ्या ठिणग्या! ठिपक्यांना पाठ नसते. सॅक्स यांनी नेमकं ते गाळलं जे ठिपक्यांना करता येत नाही. फसवायचा हेतू नसणार. ते लक्षणं शोधत होते, लक्षणं तेवढी उचलली.

"किल्ल्याच्या तटासारख्या रेघा हा तर पक्का पुरावा."

अर्धशिशीतल्या कंगोरेदार कमानीला किल्ल्याची उपमा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज वैद्यकीय लेखनात आली. 1870 साली ह्यूबर्ट एअरी या अर्धशिशीनं पीडित डॉक्टरनं स्वतःला दिसणाऱ्या कमानींची सुंदर रंगीत चित्रं काढून छापली. त्यांच्या डोळ्यांपुढचा किल्ला कोणता? तोफांच्या माऱ्यासाठी बांधलेला, बाणाच्या टोकासारखे बुरूज बाहेर काढलेला. आपल्याकडे वसईच्या पोर्तुगीज कोटाला तसे बुरूज आहेत, आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या गोल बुरुजांशी ताडून बघितले की फरक लगेच कळतो. असे किल्ले युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात सुरू झाले. हिल्डेगार्डच्या काळात तटबंदी सरळ भिंतींची आणि मनोऱ्यांची असे, आणि तिच्या चित्रांतलं नगर तसंच आहे: चार कोपरे, चार भिंती, ठिकठिकाणी मनोरे.

ते नगर आलं कुठून हेही लपलेलं नाही. बायबलमध्ये यहेज्केल या संदेष्ट्याला मंदिराची मापं घेणारा पुरुष दिसतो, प्रकटीकरणात योहानाला चौकोनी यरुशलेम दिसतं. हिल्डेगार्डच्या इमारतीची लांबी, रुंदी, उंची हातांच्या मापात दिलेली आहे आणि प्रत्येक मापाला अर्थ आहे. ती स्वतः त्या काळात रुपर्ट्सबर्गला मठ बांधून घेत होती. एवढं जवळचं कारण सोडून मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागात कशाला जायचं?

"डोक्यात शिरणाऱ्या ज्वाळा, अंगभर डोळे."

यावर फार वेळ नको. ज्वाळा म्हणजे पेंटेकॉस्ट: बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूच्या शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरतात आणि ते बोलू लागतात. 'मला लिहायची आज्ञा झाली' असं म्हणणाऱ्या लेखिकेच्या डोक्यावर चित्रकारानं दुसरं काय काढायचं? डोळ्यांनी भरलेले प्राणी प्रकटीकरणात आहेत, डोळ्यांनी भरलेली चाकं यहेज्केलमध्ये. चर्चमध्ये वाढलेल्या कुणाही मराठी वाचकाला हे संदर्भ माझ्याआधी सुचले असतील.

"तिला आपल्याला काय होतंय ते कळलं नाही."

इथं तिला दोन साक्षी देऊ द्या.

पहिली 1175 ची. गिबेर नावाच्या साधूनं तिला पत्रातून सरळ विचारलं होतं की तुम्हाला हे नेमकं कसं दिसतं? वैद्य रुग्णाला विचारतो तसंच म्हणा ना. तिचं उत्तर उपलब्ध आहे, आणि सत्तरी उलटलेल्या माणसाकडून असतं तसं ते नेमकं आहे. ती सांगते की बालपणापासून आजपर्यंत हे चालू आहे. डोळे उघडे असतात, मी जागी असते, भान कधीच हरपत नाही. जे दिसतं ते बाहेरच्या डोळ्यांनी नाही. तो प्रकाश एखाद्या जागी नसतो, सूर्याला वाहून नेणाऱ्या ढगाहूनही तेजस्वी असतो, आणि पाण्यात चंद्र-तारे उमटावेत तशी त्यात लेखनं, वचनं, गुण उमटतात. तिनं त्याला 'जिवंत प्रकाशाची छाया' असं नाव दिलं, आणि तो सतत असतो. त्या प्रकाशात कधीमधी, फार क्वचित, दुसरा एक प्रकाश दिसतो, तो 'जिवंत प्रकाश'. तो दिसतो तेवढा वेळ सगळं दुःख आणि वेदना निघून जाते आणि आपण म्हातारी नसून साधीभोळी पोर आहोत असं वाटतं.

आता ऑरा काय असतो ते ताडून बघा. तो सहसा पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. दृष्टीच्या एका भागात असतो, तिथून सरकत पसरतो. त्याच्यामागून बहुतेकदा वेदना येते. हिल्डेगार्डचं वर्णन याच्या जवळपास प्रत्येक मुद्द्यावर उलटं आहे: सततचा, जागा नसलेला, वेदना घालवणारा. अपवादात्मक प्रकार वैद्यकात असतात, मान्य. पण मग 'लक्षणं तंतोतंत जुळतात' असं म्हणू नका.

दुसरी साक्ष जास्त खट्याळ आहे. हिल्डेगार्डच्या नावावर रोगांची कारणं आणि उपचार सांगणारा एक ग्रंथ आहे, आणि त्यात अर्धशिशीवर स्वतंत्र टिपण आहे. ती काळ्या पित्तानं आणि शरीरातल्या वाईट रसांनी होते, डोक्याचा अर्धाच भाग धरते, कधी उजवा कधी डावा, कारण सगळं डोकं धरलं तर माणसाला सोसणार नाही. कुठेही प्रकाशाचा उल्लेख नाही, दृष्टान्ताचा नाही. म्हणजे ज्या बाईला अर्धशिशी ओळखता आली नाही असं आपण म्हणतो, तिच्या नावावर अर्धशिशीचं वर्णन आहे!

हा ग्रंथ कितपत तिचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. पूर्ण स्वरूपात तो कोपनहेगनच्या एकाच मध्ययुगीन हस्तलिखितात मिळतो. म्हणून मी याला निर्णायक पुरावा म्हणणार नाही. पण 1917 च्या ज्या निबंधाचा दाखला मजकुरात असतो, त्याचे लेखक चार्ल्स सिंगर यांनी तिचे वैद्यकीय ग्रंथ 'बनावट' ठरवून एका वेगळ्या प्रकरणात बाजूला ठेवले होते, आणि शेवटच्या प्रकरणात चित्रांवरून निदान केलं होतं. तिच्या नावावरची वैद्यकीय वाक्यं बाद, दुसऱ्यांच्या हातची चित्रं ग्राह्य. न्यायालयात असा वकील फार टिकला नसता.

"अडाणी बाई."

ती स्वतःला अशिक्षित म्हणवते, खरं आहे. तुकोबांपासून सगळे संत स्वतःला काय काय म्हणवून घेतात ते आपण जाणतो, आणि ते शब्दशः घेत नाही. बाराव्या शतकात एका स्त्रीनं धर्मशास्त्रावर लिहायचं तर 'हे माझं नाही, मी काहीच शिकलेली नाही' हीच एक ढाल होती. तिचं लॅटिन व्याकरण फोलमार तपासून देई, पण आशयाला हात लावायची मुभा त्याला नव्हती.

ती अडाणी नव्हती याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा चित्रविषयाशीच निगडित आहे. 'स्किविआस'मध्ये विश्व अंड्याच्या आकाराचं आहे: बाहेर आगीचं कवच, आत काळोखी आग, मग निर्मळ आकाश, पाणी, मधोमध पृथ्वी. वीसेक वर्षांनी शेवटच्या ग्रंथात तेच विश्व गोल, चाकासारखं होतं. आणि ती हा फरक लपवत नाही. ती म्हणते की आधीच्या आकारातून मूलतत्त्वांचे वेगवेगळे थर दाखवायचे होते, आता विश्वाचा घेर आणि माप दाखवायचं आहे, त्याला चाक योग्य. हा रेखाटन सुधारणाऱ्या माणसाचा खुलासा आहे. काय दाखवायचं यावरून आकार ठरतो, हे तिला ठाऊक होतं. दृष्टान्त वरून आला असं ती मनापासून मानत होती, त्याबद्दल मला शंका नाही. तरी तो कसा मांडायचा यावर ती वीस वर्षं विचार करत होती, हेही तितकंच खरं.

"विज्ञानानं सिद्ध केलंय."

कुणी काही सिद्ध केलेलं नाही. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या रुग्णाचं निदान सिद्ध होत नसतं, फार तर सुचवता येतं. सिंगर हे विज्ञानाचे मोठे इतिहासकार होते, त्यांनी सुचवलं. सॅक्स यांनी उचललं आणि लोकप्रिय केलं. तिथून ते पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत इतक्या वेळा उद्धृत झालं की सुचवणं कधी गळून पडलं ते कळलंच नाही. कॅथरिन फॉक्सहॉल या इतिहासकार महिलेनं 2014 मध्ये या दाव्याच्या प्रवासाचा चांगला मागोवा घेतला आहे.

सॅक्स यांना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की ते फिरत्या मजकुराइतके उथळ नव्हते. त्यांचं म्हणणं असं होतं की शरीरातली एखादी क्षुल्लक घटना बहुतेकांसाठी निरर्थक असते, पण असामान्य मनात ती उत्कट प्रेरणेचं कारण होऊ शकते. हे वाक्य वादग्रस्त असेल, तुच्छतेचं नाही. पुढे पाठवणाऱ्यांनी 'असामान्य मन' काढून टाकलं आणि 'क्षुल्लक घटना' ठेवली. टिंबांचा वापर असाही होतो.

तिला अर्धशिशी होती का? असेल. ती वरचेवर आजारी पडे, महिनोन्महिने अंथरुणाला खिळे, असं ती स्वतः लिहिते. पण जगात आज शंभर कोटींहून अधिक लोकांना अर्धशिशी आहे आणि त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला ऑरा दिसतो. त्यांच्यातले किती जण सिंहासनाकडे पाठ फिरवणाऱ्या ठिणग्या लिहितात? इतक्या सगळ्यांच्यात असलेल्या कारणावरून एकीच्याच कृतीचा उलगडा करायचा, हा हिशेब जुळत नाही.

दुसऱ्या बाजूचे फॉरवर्ड वेगळे आहेत. तिच्या नावानं गव्हाची बिस्किटं, 'बाराव्या शतकातला डिटॉक्स' वगैरे. त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.

आणि जे मजकुरात नाहीच: संगीत.

मला सर्वांत खटकतं ते हे. अर्धशिशीच्या गोष्टीत हिल्डेगार्डची गाणी कधीच येत नाहीत, कारण ती तिथं बसत नाहीत. अर्धशिशी उठली की माणूस खोलीत अंधार करतो आणि कुणी मोठ्यानं बोललं तरी वैतागतो. हिच्या काही गीतांतले सूर दोन सप्तकं ओलांडतात, त्या काळच्या मठसंगीताच्या मानानं फारच उंच उड्या घेतात. ती तिच्या ननना शिकवली गेली, गाऊन घेतली गेली. ज्या प्रकाशातून चित्रांचा मजकूर आला त्याच प्रकाशातून हे संगीतही आलं, असं ती म्हणते. मग एका निम्म्याला आजार म्हणायचं आणि दुसऱ्या निम्म्याबद्दल गप्प बसायचं, हे कसं?

1151 च्या सुमारास तिनं एक संगीत नाटक रचलं. त्यात भरकटलेला जीव आहे, त्याला परत आणणारे सद्गुण आहेत आणि सैतान आहे. जीव गातो, सद्गुण गातात. सैतानाला एकही सूर दिलेला नाही, तो फक्त ओरडतो. शेवटी सद्गुण त्याला साखळदंडानं बांधतात, तेव्हाही.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, 1178 मध्ये, ऐंशीच्या घरातल्या हिल्डेगार्डनं मठाच्या दफनभूमीत एका उमरावाला पुरू दिलं. तो कधीकाळी बहिष्कृत होता म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून काढायला सांगितलं. मरण्याआधी त्याचा चर्चशी समेट झाला होता असं सांगून तिनं नकार दिला. शिक्षा म्हणून मठात गाण्यावर बंदी आली, उपासना नुसती पुटपुटून करायची. तिनं जे पत्र पाठवलं त्यात रडगाणं नाही. पतनापूर्वी आदामचा आवाज देवदूतांच्या सुरात मिसळलेला होता, माणूस गातो तेव्हा तो सूर त्याला आठवतो, हेच सैतानाला सोसत नाही, म्हणून तो गाणं बंद पाडायला बघतो. आणि सबळ कारणाशिवाय ते बंद करणाऱ्यांनी स्वर्गातल्या गायनात आपल्याला जागा मिळेल अशी आशा धरू नये, असा इशाराही तिनं दिला. मार्च 1179 मध्ये बंदी उठली.

नाटकात सैतानाचे सूर काढून घेतले तेव्हा आणि पत्रात धर्माधिकाऱ्यांना बजावलं तेव्हा, दोन्ही वेळी तिच्यापाशी एकच विचार होता आणि तो सत्तावीस वर्षं टिकला. ऑरा सहसा तासाभरात जातो.